ओठ ओठानेच भरावा: मोजमापापासून भाकरीपर्यंत

ओपीडीत माझ्या खिशात तीन वस्तू कायम असतात: शिंप्याकडची मऊ टेप, छोटी टॉर्च आणि रबरबँड लावलेलं आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचं बंडल. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात ओठाचं ऑपरेशन करणाऱ्याला या काड्या टाक्यांच्या दोऱ्याइतक्याच लागतात. का, ते पुढे येईलच.

हे लिहितोय मुख्यतः जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात नुकतं काम सुरू केलेल्या तरुण सर्जन मित्रांसाठी. पण ज्यांच्या घरात वडिलांच्या, काकूंच्या ओठाचं ऑपरेशन ठरलंय त्यांनीही वाचावं. डॉक्टर चेहऱ्यावर पेनाने रेघा का मारतात आणि ऑपरेशननंतर तोंड लहान का दिसतं, एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते.

आधी ओठ का गेला ते पाहा

आपल्याकडे ओठाची मोठी तूट बहुतेक वेळा कॅन्सर काढल्यामुळे पडते. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, पण पेशंटच्या खालच्या ओठामागच्या खोबणीत बोट फिरवलं की बंदी किती पाळली गेली ते कळतं. पुरुषांत तंबाखू-चुन्याची चिमूट, बायकांत मिसरी, दोन्हींची जागा तीच. त्याखालोखाल अपघात, कुत्र्याचा चावा, बैलाचं शिंग, सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणारा अस्वलाच्या हल्ल्यातला पेशंट, आणि चार्जिंगची वायर तोंडात घातलेलं लहान मूल. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं.

कॅन्सर असेल तर बायॉप्सीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत फ्लॅपचा, म्हणजे रक्तपुरवठा असलेला जिवंत भाग आणून तूट भरण्याचा, विचार मनात आणू नका. हनुवटीखालच्या आणि जबड्याखालच्या गाठी बोटांनी चाचपा, मानेची सोनोग्राफी किंवा सीटी करा. ओठाच्या लाल भागातल्या स्क्वॅमस सेल कॅन्सरभोवती साधारण एक सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन काढावं लागतं. ही कड घेताना हात आखडला आणि वर सुंदर फ्लॅप बसवला, तर कॅन्सर त्या फ्लॅपखाली लपून वाढतो. फ्रोजन सेक्शनची (ऑपरेशन चालू असतानाच कड तपासून घेण्याची) सोय नसेल तर जखम तात्पुरती झाकून पक्का रिपोर्ट येईपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही. नंतर रेडिएशन लागण्याची शक्यता असेल तर ते ऑपरेशनपासून सुमारे सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं, म्हणून लवकर आणि हमखास भरून येणारा फ्लॅप निवडावा.

आणि हो, ‘कापूस वेचून घेतो, मग येतो’ हे वाक्य ऑक्टोबरात ऐकलं की तिथल्या तिथे मुलाला फोन लावायचा. संक्रांतीला तो पेशंट येतो तेव्हा दोन सेंटिमीटरची गाठ चार सेंटिमीटरची झालेली असते. चिरा मारून शिवण्याचं काम तोवर दोन्ही गालांवर गेलेलं असतं.

उरलेला ओठ मोजा

पुस्तकं तूट मोजायला शिकवतात. मी उरलेल्या ओठाचं माप आधी लिहितो, कारण नवा ओठ त्यातूनच बनणार असतो. मोठ्या माणसाचा खालचा ओठ जिवणीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण सहा-सात सेंटिमीटर. टेप ओठावर नुसती टेकवायची, ताणायची नाही. किती गेला किंवा जाणार ते तिसऱ्या हिश्शांत लिहायचं: एक तृतीयांशापर्यंत, एक ते दोन तृतीयांश, त्याहून जास्त. सत्तरीच्या आबांचा ओठ सैल असतो, तिथे एक तृतीयांशाहून थोडी जास्त तूटही सरळ शिवली जाते. विशीतल्या पोराचा ओठ तेवढी सूट देत नाही.

आता काड्या. पेशंटला तोंड उघडायला सांगायचं आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये काड्यांची चळत सरकवायची. एक काडी साधारण दोन मिलिमीटर जाड धरली, तर निरोगी तोंडात सतरा-अठरा काड्या सहज बसतात. गुटखा-सुपारी वर्षानुवर्षं चघळलेल्या माणसात गालाचं अस्तर पांढरं, चामड्यासारखं झालेलं असतं आणि सात-आठ काड्यांनंतर चळत अडते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. ओठ पुढे ओढून घेणारे फ्लॅप तोंडाचं भोक लहान करतात. आधीच सात काड्यांवर आलेल्या माणसाला असा फ्लॅप केला तर घास जाणार नाही, कवळी बसणार नाही, आणि पुढे परत कॅन्सर झाला तर आतलं दिसणार नाही. परदेशी पुस्तकातला फ्लॅप निवडण्याचा तक्ता इथे जसाच्या तसा चालत नाही. भूलतज्ज्ञांनाही हा आकडा आदल्या दिवशीच सांगा, नळी घालायची तयारी त्यावर ठरते.

जबड्याच्या कडेवर, चावण्याच्या स्नायूच्या अगदी पुढे, बोट ठेवून चेहऱ्याच्या धमनीचे ठोके पाहा. मानेचं आधी ऑपरेशन झालेलं असेल तर ही धमनी बांधलेली असू शकते. मग तिच्यावर जगणारा फ्लॅप बेभरवशाचा.

फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, तोंड मिटून, उघडून, हसताना, शिट्टी वाजवताना. लेखी संमती घेऊन. शिवाय घरून जुना फोटो मागवा. लग्नाचा असला तर उत्तम, आधारकार्डावरच्या फोटोत स्वतःची आईही ओळखू येत नाही.

ओठात काय काय असतं

बाहेर कातडी, आत ओलं अस्तर, मध्ये ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस नावाचा गोल स्नायू. पिशवीच्या तोंडाला ओवलेल्या नाडीसारखा तो तोंडाभोवती फिरतो. नाडी अखंड असेल तर पाणी तोंडात राहतं. ओठाची धमनी या स्नायूच्या मागे, अस्तराच्या अगदी जवळ, लाल भागाच्या पातळीला धावते. हे पक्कं डोक्यात ठेवा, कारण क्रॉस-लिप फ्लॅप, म्हणजे एका ओठाचा दुसऱ्याला दिलेला तुकडा, सगळा हिच्यावर जगतो. खालच्या ओठाची संवेदना मेंटल नसेकडून येते, वरच्याची इन्फ्राऑर्बिटलकडून, आणि हालचाल चेहऱ्याच्या नसेच्या फांद्यांकडून.

कातडी आणि लाल भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक उंचवट्याची फिकट कड असते. ती एक मिलिमीटर जरी वरखाली शिवली गेली तरी समोर बसलेल्या माणसाला खटकते. भुलीचं इंजेक्शन दिलं की ओठ सुजतो आणि ही कड दिसेनाशी होते. म्हणून सुई लावण्याआधी कडेच्या दोन्ही टोकांना मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचे ठिपके बारीक सुईने टोचून घ्या. नुसतं पेन पुसलं जातं.

कोणत्या तुटीला काय

एक तृतीयांशापर्यंत: व्ही किंवा डब्ल्यू आकाराने काढून सरळ शिवण. हनुवटीची घडी ओलांडू नका, चीर लांबली तर डब्ल्यू करा. तीन थर, तिन्ही वेगळे. अस्तर ४-० विरघळणाऱ्या दोऱ्याने, स्नायू ३-० किंवा ४-० ने, आणि कातडीचा पहिला टाका फिकट कडेवर, ६-० नायलॉनचा. स्नायूचा थर नीट न शिवता फक्त कातडी जुळवली की सहा महिन्यांनी तिथे खाच पडते. अशा खाचा दुरुस्त करण्यात माझा बराच वेळ गेलाय.

फक्त लाल भागावर पांढरा चट्टा असेल आणि स्नायू वाचलेला असेल, तर लाल भाग सोलून आतलं अस्तर पुढे ओढून शिवायचं.

एक ते दोन तृतीयांश ही खरी कसोटीची जागा. तूट मधोमध, ओठाचे दोन्ही तुकडे बरे आणि तोंड पुरेसं उघडत असेल तर मी कारापांझिच फ्लॅप निवडतो, म्हणजे गोल चिरेने उरलेला ओठच फिरवून मध्ये आणतो. हनुवटीकडची कातडी सैल असेल तर पायऱ्यांचा फ्लॅप: तुटीच्या दोन्ही बाजूंना खाली उतरत जाणाऱ्या दोन ते चार पायऱ्या, आडवी पायरी तुटीच्या रुंदीच्या साधारण निम्मी, उभी आठ-दहा मिलिमीटर. ओठ सरकत सरकत मध्ये येतो, जिवणीच्या कोपऱ्याला धक्का लागत नाही. कमी उघडणाऱ्या तोंडात ही पद्धत मला जास्त आवडते. तूट कोपऱ्याला लागून असेल तर एस्टलँडर. वरच्या ओठाच्या मधोमध असेल तर ॲबे. हे दोन्ही क्रॉस-लिप फ्लॅप, पुढे येतीलच.

त्याहून जास्त गेलं असेल तर गाल पुढे आणायचा वेबस्टरचा फ्लॅप, नाहीतर हाताचा फ्री फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसकट सुटा काढून इथल्या वाहिन्यांना जोडलेला.

कारापांझिच, पायरी पायरीने

बेलग्रेडच्या कारापांझिच यांनी हा फ्लॅप १९७४ मध्ये मांडला. गोल चिरेची कल्पना आधीचीच होती. त्यांनी नसा आणि रक्तवाहिन्या न कापता वाचवल्या, म्हणून नवा ओठ हलतो आणि त्याला गरम-गार कळतं.

भूलतज्ज्ञांना श्वासाची नळी नाकातून टाकायला सांगा. तोंडातली नळी ओठाला एका बाजूला ओढते आणि सगळी मापं चुकतात.

आखणी: तुटीच्या तळापासून सुरुवात करून जिवणीच्या कोपऱ्याला वळसा घालत नाक-ओठामधल्या घडीपर्यंत गोल रेघ. तुटीची उंची जेवढी, तेवढीच फ्लॅपची रुंदी सगळीकडे ठेवा. कोपऱ्याजवळ रेघ आत घुसायला बघते, तिथे फ्लॅप चिंचोळा होतो. तूट एका बाजूला असेल तर लांब फ्लॅप विरुद्ध बाजूचा घ्या, नाहीतर हनुवटीचा मध्य आणि ओठाचा मध्य जुळत नाहीत.

चीर फक्त कातडी आणि खालच्या चरबीपर्यंत. इथे सुरी खाली ठेवा. पुढे बारीक कात्रीची टोकं स्नायूच्या तंतूंत घालून उघडायची, म्हणजे तंतू सुटतात आणि आडव्या येणाऱ्या नसा-वाहिन्या दोऱ्यांसारख्या उभ्या दिसतात. भिंग असेल तर डोळ्याला लावाच. दिसलेली प्रत्येक दोरी वाचवायची. जिवणीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे गालाचे स्नायू येऊन मिळतात, तिथे सगळ्यात हळू चला. मी तिथे रेसिडेंटला घड्याळाकडे बघू देत नाही.

आतलं अस्तर मात्र तुटीच्या दोन्ही कडांपासून एक-दोन सेंटिमीटरच कापायचं. बाकीचं तसंच ठेवलं तर फ्लॅपला आतूनही रक्त मिळतं.

दोन्ही फ्लॅप मध्ये आणून पाहा. ताण असेल तर टाक्याने ओढू नका, बाहेरचे राहिलेले तंतू शोधून सोडवा. मग अस्तर, स्नायू, फिकट कड, कातडी, याच क्रमाने. शेवटी बाहेरची गोल चीर: बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असते, म्हणून टाके समान अंतरावर न टाकता लांबी दोन्हीकडे वाटत जा. आपल्या बायका पोलक्याची बाही बसवताना करतात तसंच.

टेबलावरच तोंड लहान झालेलं दिसेल. नातेवाइकांना हे आधी सांगितलेलं नसेल तर बाहेर येऊन तुम्हालाच समजवावं लागतं.

ॲबे आणि एस्टलँडर: उधार घेतलेला ओठ

दोन्हींत एका ओठाचा तुकडा दुसऱ्याला द्यायचा. इटलीत सबातिनी यांनी १८३८ मध्ये हे केलं होतं, फिनलंडच्या एस्टलँडर यांनी १८७२ मध्ये कोपऱ्याचा प्रकार सांगितला, आणि न्यूयॉर्कच्या ॲबे यांच्या १८९८ च्या ऑपरेशनवरून नाव पडलं.

तुकड्याची रुंदी तुटीच्या निम्मी घ्या, उंची तुटीएवढी. निम्मी अशासाठी, की देणारा आणि घेणारा दोन्ही ओठ सारखेच लहान व्हावेत. देणाऱ्या ओठाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त, घेऊ नका. एका बाजूने पूर्ण कापताना धमनी कोणत्या पातळीला आहे ते दिसतं. तेच माप दुसऱ्या बाजूला धरून तिथे धमनीभोवती थोडा स्नायू आणि अस्तर राखायचं. धमनी नुसती सोलून काढली तर बरोबरच्या बारीक शिरा जातात आणि फ्लॅप निळा पडतो.

ॲबेमध्ये दोन्ही ओठ मधोमध जोडलेले राहतात, दोन ते तीन आठवडे. पेशंट बाजूने खातो, बाजूने बोलतो. हे ऐकून तयार न होणाऱ्यांना मी आधी झालेल्या एखाद्या पेशंटशी फोनवर बोलू देतो, त्याच्या परवानगीने. माझ्या चित्रांपेक्षा त्याचा उपयोग होतो. १४ ते २१ दिवसांनी स्थानिक भुलीत जोड कापायचा. त्याआधी जोड चिमटीत दाबून धरा आणि फ्लॅपचा रंग टिकतो का ते पाहा.

एस्टलँडर एकाच टप्प्यात होतो. जिवणीचा कोपरा मात्र गोल होतो. तो काही महिन्यांनी टोकदार करता येतो, पण अनेक पेशंट त्यासाठी परत येत नाहीत. पुरुषांना एक गोष्ट आधी सांगायची: वरच्या ओठाचा तुकडा खाली आला की मिशीही खाली येते आणि केसांची दिशा उलटते. चोपड्याकडचे एक अप्पा आपल्या या ‘खालच्या मिशी’वर इतके खूश होते, की ती काढायला नकोच म्हणाले.

या फ्लॅपना सुरुवातीला संवेदना नसते. पुढे ती आधी परतते, स्नायूची हालचाल त्यानंतर, सहा महिने ते वर्षभरात.

गालावरून आणायची वेळ आली तर

वेबस्टरच्या पद्धतीत दोन्ही गाल आडवे पुढे सरकतात. त्यासाठी नाक-ओठामधल्या घडीवर त्रिकोण काढावे लागतात, पण फक्त कातडीचे. आतलं अस्तर राखून तेच उलटवून नवा लाल भाग करायचा. तोंड फारसं लहान होत नाही, हा याचा मोठा फायदा. पण स्नायूची नाडी तुटलेली असते. ओठ घट्ट, सपाट राहतो आणि लाळ गळू शकते. संपूर्ण खालचा ओठ आणि हनुवटी दोन्ही गेले असतील, तर हाताच्या कातडीचा फ्लॅप पामारिस लाँगस या हाताच्या स्नायूच्या कंडरेसकट आणून ती कंडरा दोन्ही बाजूंना ताणून बांधतात. मायक्रोस्कोप आणि त्याचा सराव असलेली टीम नसेल तर अशा पेशंटला नाशिक-मुंबईला पाठवा, आणि पहिल्याच दिवशी पाठवा.

चावा आणि वायर

कुत्रा चावला असेल तर पहिलं ऑपरेशन साबणाचं: वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. रेबीजची लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, धनुर्वाताचं इंजेक्शन. मेलेला भाग जपून काढा, ओठाचा लोंबणारा तुकडा फेकू नका. फ्लॅप नंतर.

वायर चावलेल्या मुलाच्या जिवणीचा कोपरा पांढरा-राखाडी पडतो आणि सुरुवातीला फार काही वाटत नाही. घाईने कापाल तर जगणारा भागही जातो. खरा धोका आठवड्याभराने, खपली पडताना ओठाची धमनी फुटण्याचा. दोन आठवडे आईला एकच गोष्ट शिकवून ठेवा: रक्त आलं तर अंगठा आत आणि बोट बाहेर ठेवून ओठ चिमटीत घट्ट दाबायचा आणि तसंच दवाखान्यात यायचं. पाड्यावरून गाडी मिळायला वेळ लागतो, म्हणून मी हे आईकडून माझ्यासमोर करून घेतो. पुढे कोपरा आकसू नये म्हणून काही महिने स्प्लिंट, म्हणजे कोपरा ताणून धरणारा आधार.

नंतरचे दिवस

पहिले दोन दिवस फ्लॅपचा रंग दर काही तासांनी पाहा. बोटाने दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत लाली परतली पाहिजे. पांढरा आणि गार म्हणजे रक्त येत नाही, निळा आणि टपोरा म्हणजे परत जात नाही. दोन्हींत पहिला उपाय घट्ट टाके सोडणं.

खाणं पातळ, बाजूने, चमच्याने किंवा सिरिंजने. स्ट्रॉ नको, ओढताना स्नायूच्या शिवणीवर जोर येतो. मुगाचं कढण, ज्वारीची गार आंबील, दुधात कुस्करून गाळलेलं केळं. रावेर-यावलच्या पट्ट्यात हे शेवटचं सांगायची गरजही पडत नाही. तिखट शेवभाजी महिनाभर लांब. प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याने चूळ, टाक्यांवरची खपली ओल्या कापसाने काढून पेट्रोलियम जेली. कातडीचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी.

तीन आठवड्यांनी व्रणाला बोटाने मालिश. भुसावळच्या मे महिन्यात नवा व्रण काळा पडायला दोन दुपारी पुरतात, म्हणून वर्षभर उपरणं किंवा रुमाल तोंडावर.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय आहे का ते दाखल होण्याआधीच विचारा. तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते.

बोलण्याचा व्यायाम म्हणजे ओष्ठ्य अक्षरं. प, फ, ब, भ, म या पाचांना दोन्ही ओठ मिटावे लागतात. आरशासमोर रोज पपई, फणस, बाभूळ, भाकर, मामा. मग गाल फुगवून हवा धरणं, मग तोंडात पाणी धरून पुढे वाकणं.

आणि काड्या. तीन-चार आठवड्यांनी जखम पक्की झाली की पेशंटला एक बंडल घरी देतो. रोज तीन वेळा, कालच्याएवढ्या काड्या दातांत, जमलं तर एक जास्त, रक्त येईल एवढा जोर नाही. यावल तालुक्यातले एक नाना दुसऱ्या दिवसापासून एकच विचारायचे, ‘डाक्टर, माले भाकर खाता ई का?’ कारापांझिचनंतर ते नऊ काड्यांवर होते. चौथ्या महिन्यात आले तेव्हा बंडल कोपरीच्या खिशातून काढून टेबलावर ठेवलं. तेरावी काडी पेनाने रंगवलेली होती. सोबतच्या फडक्यात कळण्याच्या भाकरीचा अर्धा तुकडा होता, दातांच्या खुणांसकट.